वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर: घरात खरंच काय काय लागतं?

दवबिंदू

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन उतरावं म्हणून जठराचा मोठा भाग काढायची शस्त्रक्रिया) बरोबर २२ दिवसांवर आली आहे. दोन वर्षं विचार केला, सगळ्या तपासण्या झाल्या, निर्णयाबद्दल आता मनात किंतु नाही. प्रश्न घरातल्या तयारीचा आहे.

तारीख मिळाली त्या रात्री वही घेऊन बसले आणि जिथे जिथे "हे आधीच आणून ठेवा" असं वाचलं होतं ते सगळं उतरवून काढलं. ४७ वस्तू झाल्या. पोटाचा पट्टा, उतरती उशी, तीन चवींच्या प्रोटीन पावडरी, कमोडवर बसवायची उंच सीट, गोळ्या बारीक करायचं यंत्र, बायोटिन, बाळाचे चमचे, कॉम्प्रेशनचे मोजे, अजून बरंच. यातलं निम्मं कपाटात पडून राहणार हे कळतंय, पण कुठलं निम्मं ते कळत नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर आहाराचे टप्पे आणि औषधं नीट लिहिली आहेत. पण घरी आल्यावर पहिल्या रात्री उशाशी काय असावं, हे त्यात नाही. मला त्याच रात्रीची धास्ती वाटते. घरी मी आणि नवरा दोघंच. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लावते.

ज्यांची ही शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांनी घरात कुणाचं निभावलंय, त्यांनी सांगा: रोज हातात आलेली वस्तू कोणती, आणि एकदाही न लागलेली कोणती?

संथ_पाऊल

दवबिंदू ताई, माझी बायपास (हृदयाची नव्हे, वजनासाठीची जठराची) होऊन चार वर्षं झाली. एकाच वस्तूचं नाव घ्यायचं तर ३० मिलीचे प्लास्टिकचे छोटे पेले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर टोपीसारखा असतो ना, तेवढा. घरी आले त्या दिवशी मी एका ताटलीत असे चार पेले ओळीने मांडले, चारही भरले आणि शेजारी घड्याळ ठेवलं. दर १५ मिनिटांनी एक पेला, तोही एका दमात नाही, ओठ ओले करत करत. तासाभरात चार रिकामे झाले की पुन्हा भरायचे. जागेपणीचे साडेबारा तास असं चाललं की दीड लिटर पाणी पोटात जातं. पहिले दोन-तीन दिवस माझं निम्मंही झालं नाही, पण किती झालं ते मला नेमकं माहीत असायचं. डॉक्टरांनी विचारलं की अंदाजपंचे सांगावं लागायचं नाही.

मोठ्या बाटलीतून पिताना सवयीने मोठा घोट घेतला जातो, आणि मग छातीच्या मधोमध असं काही दाटून येतं की पुढचा अर्धा तास काही सुचत नाही. बायपासमध्ये जठराची जी पिशवी उरते तीच मुळी ३० मिलीच्या आसपासची असते. तुमच्या स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. जागा थोडी जास्त, पण सुरुवातीला आतून सूज असते, त्यामुळे तिथेही सगळं घोटाघोटानेच.

आता माझी चूक सांगते. शस्त्रक्रियेआधी एका चवीची प्रोटीन पावडर मला फार आवडली, म्हणून तिचे दोन मोठे डबे आणून ठेवले. घरी आल्यावर पहिला चमचा पाण्यात ढवळला आणि नुसत्या वासाने मळमळायला लागलं. आधी जे छान लागत होतं ते आता जिभेवर ठेववेना, इतकं गोड. बऱ्याच जणांची चव आणि वास असे बदलतात. म्हणून एकेका वेळेची पाकिटं घ्या, चार-पाच वेगवेगळी, आणि त्यात एक बिनचवीची असू द्या. ती गाळलेल्या सूपमध्येही मिसळता येते, फक्त सूप कोमट झाल्यावर. उकळत्यात टाकली की गुठळ्या होतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे साधारण लक्ष्य असतं, पण ते पहिल्या आठवड्यात गाठायची घाई करू नका. आधी पाणी, मग प्रथिनं.

रात्रपाळी

मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स आहे. रुग्णालयात न्यायच्या बॅगेबद्दल लिहिते.

सगळ्यात आधी तुमचं सीपॅप मशीन आणि तुमचाच मास्क. भूल आणि वेदनाशामकं यांच्यामुळे श्वास आणखी मंदावतो, त्यामुळे पहिल्याच रात्री त्याची खरी गरज असते. मशीन घरी राहिलं म्हणून धावपळ झालेली मी पाहिली आहे. बाकी ओठांना लावायचं मलम, लांब वायरचा चार्जर, मागे पट्टा असलेल्या न घसरणाऱ्या चपला, पुढून उघडणारा सैल गाऊन. इलॅस्टिकची पँट नको, ते नेमकं टाक्यांवर येतं. आणि एक छोटी, जरा घट्ट उशी. खोकताना, शिंकताना, पलंगावरून उठताना ती पोटाशी दाबून धरायची. घरी जाताना गाडीत सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये तीच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "टाके पोटाला आहेत, मग खांदा का दुखतोय?" दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा आत राहतो आणि श्वासपटलाला टोचत राहतो. श्वासपटलाच्या आणि खांद्याच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. उठून चालायचं. शेकायची पिशवी असेल तर ती खांद्यावर चालते, टाक्यांवर नाही.

चालण्याचं दुसरं कारण याहून गंभीर आहे. पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. त्यासाठीच आम्ही शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच उठवतो, मोजे घालायला लावतो, आणि काहींना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरीही दोन ते चार आठवडे घ्यावी लागतात. तुम्हाला ती दिली तर घरी जायच्या आधी एकदा आमच्यासमोर स्वतः किंवा यजमानांकडून टोचून घ्या, आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड झाकणाचा डबा मागून घ्या. मोजे आपल्या मनाने विकत आणू नका. मापाचे नसले तर गुडघ्यामागे काचतात. पोटऱ्यांचं माप घेऊन वॉर्डातूनच देतात बहुधा. श्वास आत ओढून गोळे वर न्यायचं खेळणं, स्पायरोमीटर, तेही तिथेच मिळेल. ते घरी न्या आणि जागेपणी दर तासाला ओढा.

घरात तापमापी आणि रक्तदाबाचं यंत्र मात्र हवंच. फ्रिजवर एक कागद लावा, त्यावर रुग्णालयाचा रात्रीचा नंबर मोठ्या अक्षरांत. स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी १२० च्या वर राहिली, ताप ३८ सेल्सिअसच्या वर गेला, पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, धाप लागली, एकाच पोटरीला सूज आली, पाण्याचा घोटही पोटात टिकेना, तर घड्याळ न बघता फोन करायचा. जठराच्या शिवणीतून गळती होत असेल तर बऱ्याचदा आधी नाडीच वाढते, दुखणं मागून येतं. म्हणून नाडी मोजायची सवय आत्तापासून करा.

सोबती

माझ्या बायकोची स्लीव्ह गेल्या वर्षी झाली. मी तुमच्या यजमानांसाठी लिहितोय, त्यांना दाखवा.

मी वस्तू भरपूर आणल्या आणि घर मात्र होतं तसंच ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी ती आमच्या खोल, मऊ सोफ्यावर बसली आणि तिला उठता येईना. पोटाचे स्नायू वापरायचे नाहीत आणि हाताला धरायला काही नाही. मी ओढायला गेलो तर तिला कळ आली. तो तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाची हात असलेली सरळ खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली, त्यावर एक जाड उशी. प्रश्न मिटला. पलंगावरून उठायचं तंत्रही आधी शिकून घ्या: आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपर आणि तळहातावर जोर देत बसायचं. सरळ उताणं असताना उठायचं नाही. आम्ही ते शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात रोज करून पाहायला हवं होतं.

न्हाणीघरात प्लास्टिकचं मजबूत स्टूल, न घसरणारी चटई आणि हातात धरायचा शॉवर. पाठीला आणि पायांना पोचायला लांब दांड्याचा स्पंज. आधी पाच मिनिटं उभं राहून दम लागत नव्हता म्हणून तेव्हा लागणार नाही असं धरू नका, पहिल्या आठवड्यात पोटात फार थोडं गेलेलं असतं आणि गरम पाण्याने गरगरतं. कमोडची उंच सीट आम्ही आणली होती, आमचा कमोड मुळात उंच असल्याने ती बसवलीसुद्धा नाही. तुमचा बुटका असेल आणि गुडघे दुखत असतील तर मात्र घ्या. तिला मागे हात पोचवणं पहिले चार दिवस जड गेलं, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. जेट आणि लांब दांड्याचा एक चिमटा कामाला आला.

स्वयंपाकघरात रोजचं सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, आणि पाण्याने भरलेलं मोठं पातेलं हेही जडच असतं.

अजून एक. पहिल्या आठवड्यात मी तिच्यासमोर जेवायचो नाही, आत जाऊन जेवायचो. मला वाटलं हे बरं. तिने पाचव्या दिवशी विचारलं, "तू माझ्यासोबत बसत का नाहीस?" मग ती तिची ताटली आणि पेले घेऊन बसायची, मी माझं ताट घेऊन. तुमच्याकडे कसं चालेल ते दोघांनी आधीच बोलून ठेवा.

फडताळ

मी औषधविक्रेता आहे. गोळ्यांवर सविस्तर लिहितो, कारण या शस्त्रक्रियेनंतर जी वस्तू आयुष्यभर लागते ती हीच.

कॅल्शियम घेताना लेबलवर सायट्रेट लिहिलंय का ते बघा. कॅल्शियम कार्बोनेट स्वस्त असतं, पण ते विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. शस्त्रक्रियेनंतर ते आम्ल कमी असतं, शिवाय आम्ल कमी करणारी गोळीही काही महिने चालू असते. सायट्रेटला आम्लाची गरज पडत नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शरीर नीट शोषत नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून. आणि कॅल्शियम व लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर, दोघं एकमेकांच्या आड येतात. ज्यांची पाळी चालू आहे त्यांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं. सर्वसाधारण मल्टिव्हिटॅमिनमध्ये तेवढं नसतं, आणि चघळायच्या गोड जेली गोळ्यांमध्ये तर बहुतेक वेळा लोह नसतंच, थायमिनही (बी-१ जीवनसत्त्व) नसतं. त्या बघून मुलांची आठवण येते पण गरज भागत नाही. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम जिभेखाली किंवा गोळीतून, नाहीतर इंजेक्शन. डी-३ तुमच्या रक्तातल्या पातळीवर ठरेल.

हे वेळापत्रक डोक्यात ठेवू नका. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार कप्पे असलेला आठवड्याचा डबा घ्या. तुमच्या ४७ मधली ही वस्तू कपाटात पडणार नाही याची मी खात्री देतो.

गोळी बारीक करायचं यंत्र घ्या, पण त्यात घालायच्या आधी प्रत्येक गोळी विचारून घ्या. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल तर ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. फोडली तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. तुमची रक्तदाबाची गोळी यातली आहे का ते शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना विचारा, कारण वजन उतरतं तसा डोसही कमी करावा लागतो, कधी कधी पहिल्या काही आठवड्यांतच. बसल्यावरून उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली तर यंत्राने मोजा आणि कळवा. मधुमेहाच्या औषधांचं तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसांपासूनच बदलतं.

घरातल्या औषधांच्या डब्यातून आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक काढून दुसरीकडे ठेवा. रात्री डोकं दुखलं की हात आपोआप तिकडे जातो. बायपासनंतर या गोळ्यांनी जठर आणि आतड्याच्या जोडाच्या ठिकाणी व्रण पडू शकतो. स्लीव्हनंतरही विचारल्याशिवाय नाही. पॅरासिटामॉल किती आणि कधी चालेल ते लिहून घ्या.

शौच मऊ करणारं औषधही आधी आणून ठेवा. पाणी कमी, वेदनाशामकं, लोह, तिन्ही एकत्र आलं की बद्धकोष्ठ होतोच. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून अनेकांना सहा महिने अर्सोडिऑक्सीकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात. ते तुमच्या कागदावर असेल तर मध्येच सोडू नका.

दवबिंदू

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. सोबती दादा, तुमचं वाचून तो उठला आणि सोफ्यावर बसून हात न लावता उठून पाहिलं, मग काही न बोलता सरळ खुर्ची हॉलमध्ये आणली.

माझी रक्तदाबाची गोळी हळूहळू विरघळणारीच निघाली. उद्या डॉक्टरांना फोन करते. यादी आता १९ वर आली आहे. परवापासून यकृतासाठीचा दोन आठवड्यांचा आहार सुरू होतोय, त्यासाठी काही वेगळं लागतं का?

कोरा_कागद

त्या दोन आठवड्यांत एक तराजू लागतो, स्वयंपाकघरातला, ग्रॅममध्ये दाखवणारा. दिवसाला ८०० ते १००० कॅलरी असतात साधारण, आणि "अंदाजे मूठभर" म्हणत गेलं की मूठ मोठी होत जाते.

हा आहार का, हे कळलं की पाळायला बळ येतं. यकृताचा डावा भाग बरोबर जठराच्या वरती पसरलेला असतो. शल्यविशारदाला दुर्बिणीतून तो उचलून धरावा लागतो तेव्हा कुठे खालचं जठर दिसतं. यकृतात चरबी साठलेली असेल तर ते मोठं, जड आणि नाजूक होतं. पिष्टमय पदार्थ तोडले की यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी आधी जातं, मागून चरबी. दोन आठवड्यांत ते खरंच लहान होतं. माझ्या शल्यविशारदाने नंतर सांगितलं की जागा चांगली मिळाली. मला ते ऐकून रडू आलं, कारण ते चौदा दिवस फार कठीण गेले होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखेल, चिडचिड होईल, तोंडाला वास येईल. जीभ घासायची पट्टी आणि पाणी. पाचव्या दिवसानंतर उतरतं. त्याच दिवसांत चावण्याचा आणि छोट्या चमच्याचा सराव करा: घास, चमचा खाली, घड्याळात अर्धा मिनिट. जेवताना पाणी न पिण्याचा आणि नंतर अर्धा तास थांबण्याचाही. ही सवय नंतर लावायला गेलं तर तहान आडवी येते.

संथ_पाऊल

स्ट्रॉबद्दल राहिलं. आमच्या तुकडीत सगळ्यांना स्ट्रॉ नको सांगितलं होतं, हवा गिळली जाते म्हणून. मी मात्र स्ट्रॉनेच प्यायले, तसं केल्यावरच माझे घोट लहान होत होते. त्रास झाला नाही.

रात्रपाळी

संथ_पाऊल, तुमचा अनुभव खोटा नाही, पण पहिल्या आठवड्यात अडकलेल्या हवेने कळवळणारे बरेच जण मी पाहिलेत, म्हणून मी सुरुवातीला नकोच म्हणते. दवबिंदू, तुमच्या चमूला विचारा आणि ते म्हणतील ते करा. फसफसणारी पेयं मात्र नकोतच. पोटाच्या पट्ट्याचंही तसंच. छोट्या छिद्रांच्या शस्त्रक्रियेला तो बहुधा लागत नाही. काहींना चालताना आधार वाटतो, काहींना त्याने श्वास पूर्ण घेता येत नाही, आणि त्या दिवसांत पूर्ण श्वास फार महत्त्वाचा. आधी घेऊन ठेवू नका, वाटलं तर नंतर मागवता येतो.

दवबिंदू

घरी आले. आज पाचवा दिवस. ज्या रात्रीची धास्ती होती ती अशी गेली: पाठीला उतरती उशी, मास्क लावलेला, डाव्या हाताला ताटलीत चार पेले, पोटावर छोटी उशी. दोनदा उठून हॉलच्या सहा फेऱ्या मारल्या, नवरा पाठीमागे मोबाईलचा उजेड धरून. खांदा दुखत होता, पण का दुखतोय ते माहीत असल्याने घाबरले नाही. नाडी ८८.

पाणी काल ९०० मिली झालं. प्रोटीनच्या पाच पाकिटांपैकी तीन वासानेच बाजूला ठेवावी लागली, बिनचवीची चालते आहे. रोज हातात येतात ते पेले, छोटी उशी, ओठांचं मलम आणि लांब वायर. उतरती उशी मी यादीतून काढणार होते, बरं झालं राहिली. सपाट झोपवत नाही अजून.

उभी_रेघ

दवबिंदू, वाचून फार बरं वाटलं. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण हे इथे लिहिलेलं राहावं म्हणून सांगते.

माझ्या बायपासनंतर चौथ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं मी भराभर खाल्लं असेल. आठवडा गेला, दहा दिवस गेले. गोळ्याही टिकत नव्हत्या. मग तळपायाला मुंग्या आल्या, चालताना तोल जायला लागला, आणि एका सकाळी दारातला माणूस मला दोन दिसला. जवळच्या एका रुग्णालयात नेलं तिथे आधी नुसतं ग्लुकोज लावत होते. माझ्या बहिणीने आग्रह धरून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं, आधी थायमिन शिरेतून द्या, मग ग्लुकोज. ते बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असतो, आणि उलट्या चालू असल्या की तो संपतो. थायमिन नसताना ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. माझी नजर दोन दिवसांत जागेवर आली, पायांना सहा महिने लागले.

त्या दिवसापासून माझ्या पाकिटात एक कार्ड असतं: कोणती शस्त्रक्रिया, कधी, कुणाचा नंबर, आणि खाली "उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन". पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन एवढंच लागतं. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उलट्या झाल्या तर वाट बघू नका.

सोबती

उभी_रेघ ताई, हे वाचून आम्ही आजच कार्ड केलं. तिच्या पर्समध्ये एक, माझ्या पाकिटात एक.

दवबिंदू

सहा आठवडे झाले. मऊ आहार चालू आहे, पाणी दीड लिटरला पोचलंय, रक्तदाबाची गोळी निम्मी झाली. कार्ड मीही केलं आहे.

कपड्यांचं कुणी लिहिलं नव्हतं म्हणून सांगते: नवीन काही घेऊ नका. नाडीचे आणि बांधायचे कपडे पुरतात, दर दोन आठवड्यांनी गाठ आत सरकते. अंगठी मात्र मी वेळेत काढायला हवी होती, मागच्या आठवड्यात हात धुताना बेसिनमध्ये पडली. जाळी होती म्हणून सापडली. वजन आठवड्यातून एकदाच करते. दोन आठवडे काटा हललाच नव्हता, तेव्हा टेपने कंबर मोजली तर ती कमी झाली होती.

एक प्रश्न. बायोटिन मी आधीच आणून ठेवलं होतं, केस गळतील या भीतीने. कालपासून सुरू केलं. पुढच्या मंगळवारी रक्ततपासणी आहे, त्यात थायरॉइडही आहे. चालेल ना?

फडताळ

तपासणीआधी नको. बायोटिनचा मोठा डोस रक्तात असला की थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येतात. निदान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर अजून आधी, आणि रक्त घेणाऱ्याला सांगा.

केस साधारण तिसऱ्या महिन्यात गळायला लागतात. झपाट्याने वजन उतरल्याचा धक्का बसून बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि मग एकदमच सुटतात. मुळं जिवंत असतात, काही महिन्यांत परत येतात. बायोटिनची कमतरता नसेल तर ते घेऊन हे थांबत नाही. प्रथिनं, लोह आणि जस्त नीट आहेत का तेवढं त्या तपासणीत बघून घ्या.

दवबिंदू

आजच बंद केलं. बाटलीवर "मंगळवारनंतर डॉक्टरांना विचारून" अशी चिठ्ठी लावली आहे. तपासणीच्या यादीत फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-१२ आहे, जस्त नाहीये, ते उद्या फोन करून घालून घेते. आकडे आले की इथे टाकते.